विश्लेषण : जुना प्रोजेक्टर, कोल्हापुरात घडवलेला कॅमेरा... तरीही पडद्यावर चित्र चांगले कसे आले? बाबूराव पेंटर यांनी नेमके काय केले?

आज खिशातल्या फोनमध्ये उत्तम कॅमेरा असतो. शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरातल्या दोन चित्रकार भावांना चलच्चित्र काढण्यासाठी कॅमेराच स्वतः बनवावा लागला. त्यातून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, ‘सैरंध्री’ आणि ‘सावकारी पाश’सारखे मूकपट निघाले आणि पुढे ‘प्रभात’ घडवणारी माणसे तयार झाली. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांचा हा प्रवास आणि त्यामागचे तंत्र...

बाबूराव पेंटर कोण होते?

त्यांचे मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म 3 जून 1890 रोजी कोल्हापुरात झाला. घर कारागिरांचे. लाकूड, धातू, रंग, माती या गोष्टी त्यांना लहानपणापासून हाताळायला मिळाल्या. कोणत्याही कलाशाळेत न जाता ते चित्रकला आणि शिल्पकला शिकले. आतेभाऊ-मामेभाऊ, चुलतभाऊ असे नातलग एकाच धंद्यात असण्याचा तो काळ होता. बाबूरावांचे चुलतभाऊ आनंदराव हेही चित्रकारच. दोघांची जोडी इतकी नावाजली की मेस्त्री हे आडनाव मागे पडले आणि ‘पेंटर’ हेच त्यांचे आडनाव झाले.

साधारण 1910 ते 1916 या काळात संगीत नाटकांची भरभराट होती. नाटक मंडळ्यांना राजवाडा, अरण्य, देऊळ, रस्ता अशी दृश्ये दाखवणारे मोठाले पडदे लागत. असे पडदे रंगवण्यात आनंदराव आणि बाबूराव पश्चिम भारतात आघाडीवर होते. मराठी मंडळ्यांप्रमाणेच गुजराती-पारशी रंगभूमीकडूनही त्यांना काम मिळे. सपाट कापडावर खोली कशी दाखवायची, दिव्यांच्या उजेडात रंग कसे दिसतात, शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला काय दिसते, याचा अभ्यास त्यांना या कामातून झाला. पुढे सिनेमात तोच उपयोगी पडला.

पडदे रंगवणारे हात सिनेमाकडे कसे वळले?

3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. आपल्या पुराणातली माणसे पडद्यावर हालचाल करताना पाहून अनेकांना भुरळ पडली. आनंदराव आणि बाबूराव त्यांपैकीच. फरक इतकाच की सिनेमा पाहून ते थांबले नाहीत. पडद्यावरचे चित्र हलते कसे, हा प्रश्न त्यांना पडला.

त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर विकत घेतला. त्यावर चित्रपटांचे खेळ दाखवायला सुरुवात केली. खेळातून थोडे पैसे मिळत आणि शिक्षणही होई. तेव्हा सिनेमाची शाळा भारतात कुठेच नव्हती. या भावांची शाळा म्हणजे जुन्या बाजारातले हे यंत्र आणि त्यातून रोज धावणारी परदेशी रिळे.

जुन्या यंत्रातून चांगले चित्र काढणे म्हणजे काय?

प्रोजेक्टरमध्ये फिल्म सलग धावत नाही. एक चित्र भिंगासमोर येते, क्षणभर थांबते, मग झडप बंद होते, तेवढ्यात पुढचे चित्र जागेवर येते आणि झडप पुन्हा उघडते. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण 16 वेळा हे घडे. डोळ्याला मात्र सलग हालचाल दिसे. ही थांब-चाल जितकी नेमकी, तितके चित्र स्थिर.

जुन्या यंत्रात याच ठिकाणी बिघाड होतो. दाते झिजले की चित्र वर-खाली थरथरते. फिल्म जिथून सरकते त्या गेटची स्प्रिंग सैल झाली की चित्र मधूनच धूसर होते. फार घट्ट असली तर फिल्मवर ओरखडे उठतात. झडपेची वेळ चुकली तर पांढऱ्या अक्षरांना शेपटी फुटल्यासारखी दिसते. भिंगावर धुळीचा थर असेल तर काळा रंग राखाडी होतो. आर्क दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जळत जातात. त्यांच्यामधले अंतर सतत सारखे ठेवले नाही तर पडद्याच्या मध्यभागी उजेड आणि कडेला अंधार अशी गत होते.

यातल्या बहुतेक दोषांवर नवे यंत्र हा एकमेव उपाय नसतो. पुसणे, घासणे, तेल देणे, झिजलेला भाग बदलणे आणि प्रत्येक बदलानंतर पडद्याकडे पाहणे, एवढे केले तरी चित्र सुधारते. पुढे 1970च्या दशकाअखेर आलेल्या लेझरडिस्क प्लेअरचे शौकीन आजही जुन्या यंत्रातून स्वच्छ चित्र काढण्यासाठी भिंग पुसणे आणि किरणाची जागा जुळवणे असे उद्योग करतात. यंत्र बदलले तरी काम तेच आहे.

प्रोजेक्टर हाती असण्याचा आणखी एक फायदा होता. कॅमेरा आणि प्रोजेक्टर यांची मूळ रचना बरीच सारखी असते. दोन्हींत फिल्म थांबत-थांबत सरकते, दोन्हींत झडप असते, दोन्हींत भिंग असते. प्रोजेक्टरमध्ये उजेड आतून बाहेर जातो, कॅमेऱ्यात बाहेरून आत येतो. त्यामुळे प्रोजेक्टर कळला की अर्धा कॅमेरा कळला, अशी स्थिती होती. उरलेला अर्धा मात्र कठीण होता.

कॅमेरा स्वतः बनवणे इतके अवघड का होते?

फाळके यांनी 1912 मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला होता. तो मार्ग सर्वांना परवडणारा नव्हता. त्यातच 1914 मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी माल मिळणे अवघड झाले. आनंदरावांनी कॅमेरा जुळवायला घेतला तो या काळात.

अडचण किती बारीक होती हे एका हिशेबातून कळते. मूकपटाच्या फिल्मवरचे एक चित्र साधारण एक इंच रुंद असते. ते 12 फूट रुंदीच्या पडद्यावर टाकले की 144 पट मोठे होते. म्हणजे कॅमेऱ्यात फिल्म थांबण्याची जागा इंचाच्या शंभराव्या भागाने जरी चुकली, तरी पडद्यावर चित्र जवळजवळ दीड इंच उडी मारते. अशी चूक प्रत्येक चित्रात वेगळी झाली तर पडद्यावरचा राजवाडा भूकंप झाल्यासारखा हलतो. एक फूट फिल्मवर 16 चित्रे बसतात. 1,000 फुटांच्या एका रिळात 16,000 चित्रे होतात. त्या प्रत्येक वेळी फिल्म त्याच जागी थांबायला हवी.

दुसरी अडचण उजेडाची. कॅमेऱ्याच्या पेटीला केसाएवढी फट राहिली तरी आतली फिल्म काळवंडते. तिसरी अडचण फिल्मच्या कडेच्या छिद्रांची. दाते त्या छिद्रांत अलगद शिरले आणि अलगद बाहेर आले पाहिजेत. जरा ओढ बसली तर छिद्र फाटते आणि चित्रीकरण थांबते. चौथी अडचण हाताची. त्या काळच्या कॅमेऱ्यात मोटर नसे. हँडलच्या एका फेऱ्यात आठ चित्रे निघत, म्हणून छायालेखकाला सेकंदाला दोन फेरे या लयीत हँडल फिरवावे लागे. हात मंदावला तर पडद्यावर माणसे पळायला लागत आणि उजेडही कमी-जास्त होई.

हे काम अर्ध्यावर असतानाच 1916 मध्ये आनंदरावांचे निधन झाले. बाबूराव तेव्हा 26 वर्षांचे होते. भाऊ गेला आणि भागीदारही गेला. कॅमेऱ्याची जोडणी ज्याच्या डोक्यात होती तोच माणूस राहिला नाही. नाटकाच्या पडद्यांच्या धंद्यात नाव झालेले होते. पुन्हा तिकडे वळणे सोपे होते. बाबूरावांनी तसे केले नाही. विष्णुपंत दामले या शिष्याला हाताशी धरून त्यांनी प्रयोग सुरू ठेवले. 1918 मध्ये कॅमेरा पूर्ण झाला. देशी बनावटीचा पहिला चलच्चित्र कॅमेरा अशी त्याची ओळख आहे.

महाराष्ट्र फिल्म कंपनी कशी उभी राहिली?

कॅमेरा झाला तरी सिनेमासाठी जागा, पैसा आणि माणसे लागतात. 1917-18च्या सुमारास कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन झाली. कोल्हापूरचे चित्रपट क्षेत्र 1 डिसेंबर हा दिवस तिची आठवण म्हणून पाळते. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात गाणे, नाटक, कुस्ती आणि चित्रकला यांना आश्रय होता. सिनेमालाही तो मिळाला. भांडवलासाठी पुढे आल्या त्या गायिका तानीबाई कागलकर. ज्या धंद्यात पैसे परत येतील की नाही याची खात्री नव्हती, त्यात एका कलावंत स्त्रीने पैसा घातला, ही गोष्ट या कंपनीच्या इतिहासात महत्त्वाची आहे.

माणसे जमली तीही कोल्हापूर परिसरातली. दामले यंत्राच्या बाजूला होते. शेख फत्तेलाल चित्रकार आणि छायालेखक म्हणून तयार झाले. कोल्हापूरचाच शांताराम वणकुद्रे हा तरुण पडेल ते काम करण्यासाठी दाखल झाला. पुढे तो व्ही. शांताराम या नावाने ओळखला गेला. बाबूराव पेंढारकर, बाळासाहेब यादव, झुंझारराव पवार ही मंडळी पडद्यावर दिसू लागली. इथे कोणाचे एकच काम ठरलेले नसे. अभिनय करणारा माणूस नेपथ्य उचलायचा, रंग द्यायचा आणि डार्करूममध्ये फिल्मही धुवायचा.

‘सैरंध्री’ने काय सिद्ध केले?

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ 7 फेब्रुवारी 1920 रोजी पुण्याच्या आर्यन सिनेमात प्रदर्शित झाला. कथा महाभारतातली. अज्ञातवासात द्रौपदी विराटाच्या घरी सैरंध्री म्हणून राहते, कीचक तिच्यावर नजर ठेवतो आणि भीम त्याचा वध करतो.

फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये स्त्री-भूमिका पुरुषांनी केल्या होत्या. बाबूरावांनी ‘सैरंध्री’त स्त्रियांनाच उभे केले. गुलाबबाई आणि अनुसूयाबाई या दोघींनी भूमिका केल्या; पडद्यासाठी त्यांची नावे कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी ठेवली गेली. सिनेमात काम करणे तेव्हा हलके मानले जाई. या धाडसाची किंमत म्हणून दोघींना स्वजनांच्या बहिष्काराला तोंड द्यावे लागले.

कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले की प्रेक्षक हादरले. ते दृश्य सरकारी आक्षेपामुळे काढावे लागले. सेन्सॉरची कात्री लागलेल्या अगदी सुरुवातीच्या भारतीय चित्रपटांत ‘सैरंध्री’चे नाव घेतले जाते. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांना सुवर्णपदक आणि ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्यानंतर काही महिन्यांतच, 1 ऑगस्ट 1920 रोजी, टिळकांचे निधन झाले.

तंत्राच्या दृष्टीने या यशाचा अर्थ सरळ होता. जुन्या बाजारातल्या प्रोजेक्टरवर शिकलेल्या आणि कोल्हापुरात बनवलेल्या कॅमेऱ्यावर काढलेले चित्र पुण्याच्या चित्रगृहात परदेशी रिळे पाहणाऱ्या प्रेक्षकासमोर टिकले.

चित्रकाराचा डोळा कॅमेऱ्याच्या कामी कसा आला?

त्या काळची फिल्म आपल्या डोळ्यासारखी पाहत नसे. ऑर्थोक्रोमॅटिक म्हणून ओळखली जाणारी ही फिल्म निळा आणि हिरवा रंग पकडी, पण तांबडा तिला दिसतच नसे. त्यामुळे निळे आकाश पडद्यावर पांढरेफटक येई. तांबडे कुंकू, तांबडा शालू आणि रंगवलेले ओठ काळे दिसत. फिकट निळा फेटा पांढरा वाटे. म्हणजे सेटवर जे सुंदर दिसते ते पडद्यावर तसेच दिसेल याची खात्री नाही. कोणता रंग राखाडीच्या कोणत्या छटेत उतरेल हे आधी ओळखून कपडे, रंगभूषा आणि भिंती ठरवाव्या लागत. रंगांच्या छटा तोलण्यात आयुष्य घातलेल्या माणसाला हा हिशेब इतरांपेक्षा लवकर कळणार हे उघड होते.

बाबूराव चित्रीकरणाआधी पात्रे, पोशाख आणि प्रसंग यांची रेखाटने करत. पटकथाही स्वतः लिहीत. म्हणजे कॅमेऱ्याचे हँडल फिरण्याआधी चित्र कागदावर तयार असे. फिल्म परदेशातून येई आणि महाग असे. कागदावर चूक खोडता येते, फिल्मवर नाही.

आणखी एक मोठा बदल त्यांनी केला तो नेपथ्यात. ज्या माणसाने रंगवलेल्या पडद्यांवर नाव कमावले, त्यानेच सिनेमातून रंगवलेले पडदे काढून टाकले. यामागे कारण होते. नाटकात प्रेक्षक लांब बसतो आणि उजेड समोरून येतो, म्हणून रंगवलेला खांब खरा वाटतो. कॅमेरा जवळ जातो. नटाची सावली रंगवलेल्या डोंगरावर पडली की डोंगर कापडाचा आहे हे लगेच उघडे पडते. चित्रात रंगवलेली सावली डावीकडे आणि सूर्याची खरी सावली उजवीकडे, असाही घोटाळा होतो. बाबूरावांनी खरे खांब, खऱ्या भिंती, माणसाला आत-बाहेर जाता येईल अशा जागा उभ्या केल्या. पडद्यावर खोली आली ती त्यामुळे.

सूर्य मावळल्यावर चित्रीकरण कसे शक्य झाले?

सुरुवातीचे मूकपट सूर्यप्रकाशातच काढले जात. फिल्म मंद होती, म्हणजे तिला भरपूर उजेड लागे. त्यामुळे उघड्यावर किंवा वर पांढरे कापड ताणलेल्या मांडवात काम चाले. ढग आले की काम बंद. रात्रीचा प्रसंगसुद्धा दिवसाच काढायचा आणि प्रेक्षकाने तो रात्रीचा मानायचा, अशी रीत होती.

1923 च्या ‘सिंहगड’मध्ये बाबूरावांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला होता. तानाजीची चढाई रात्रीची. ती दिवसाच्या उजेडात दाखवली असती तर प्रसंगातला जीवच गेला असता. कृत्रिम प्रकाशामुळे उजेड कुठून येईल आणि सावली कुठे पडेल हे सूर्याऐवजी दिग्दर्शक ठरवू लागला. भारतीय सिनेमात असा प्रकाश वापरण्याच्या पहिल्या प्रयत्नांत ‘सिंहगड’ची गणना होते.

1924 च्या ‘कल्याण खजिना’ला लंडनच्या वेम्बले प्रदर्शनात पदक मिळाले. चित्रपटाची जाहिरात हीदेखील चित्राचाच भाग आहे, हे बाबूरावांनी लवकर ओळखले होते. 1921-22 पासून ते चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रे असलेल्या पुस्तिका काढत. भित्तिचित्रे स्वतः रंगवत. ‘कल्याण खजिना’चे भित्तिचित्र भारतीय सिनेमाच्या टिकून राहिलेल्या जुन्या पोस्टरांपैकी एक आहे.

‘सावकारी पाश’ वेगळा का ठरला?

1925 पर्यंत पडद्यावर देव, राजे आणि लढाया होत्या. त्या वर्षी बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ काढला. नारायण हरि आपटे यांच्या कथेवरचा हा चित्रपट एका शेतकऱ्याचा होता. लबाड सावकार खोट्या कागदाच्या जोरावर त्याची जमीन गिळतो आणि शेतकऱ्याला पोटासाठी शहरातल्या गिरणीत जावे लागते. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती, तर सावकार झुंझारराव पवार यांनी रंगवला.

इथे चित्राच्या दर्जाचा अर्थ बदलला. आतापर्यंत चांगले चित्र म्हणजे स्वच्छ, स्थिर, उजळ चित्र. ‘सावकारी पाश’मध्ये बाबूरावांनी अंधार, उदास झोपडी आणि रडणारे कुत्रे दाखवले. मूकपटात कुत्र्याचे रडणे ऐकू येत नाही. ते नुसत्या चित्रातून पोहोचवायचे होते. तो प्रसंग पाहिलेल्यांनी तो अनेक वर्षे लक्षात ठेवला. ज्या जिल्ह्यात ऊस, गूळ आणि सावकारी या तिन्ही गोष्टी लोकांच्या रोजच्या जगण्यात होत्या, तिथून असा चित्रपट निघाला याला अर्थ आहे.

प्रेक्षकांनी मात्र त्याला हवा तसा प्रतिसाद दिला नाही. पुराणातले चमत्कार आणि इतिहासातल्या लढाया पाहायला आलेल्यांना स्वतःच्याच घरचे दुःख पडद्यावर नको होते. कंपनीला पुन्हा पोशाखी चित्रपटांकडे वळावे लागले. आज भारतीय वास्तववादी सिनेमाची सुरुवात सांगताना हाच चित्रपट पहिल्यांदा आठवला जातो. 1936 मध्ये बाबूरावांनी तो बोलपट म्हणून पुन्हा काढला.

शिष्य सोडून का गेले?

महाराष्ट्र फिल्म कंपनीत सगळे एका माणसाच्या डोळ्यावर चाले. बाबूरावांना मनासारखे चित्र मिळेपर्यंत काम पुढे सरकत नसे. दर्जासाठी हे बरे असते, पण कंपनीच्या हिशेबाला जड जाते. दुसरीकडे दामले, फत्तेलाल, शांताराम, केशवराव धायबर हे सगळे आता तयार झाले होते. प्रत्येकाला स्वतःचे काही करून पाहायचे होते.

1 जून 1929 रोजी या चौघांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. 1933 मध्ये प्रभात पुण्याला गेली. तिथे दामले-फत्तेलाल यांनी काढलेल्या ‘संत तुकाराम’ला (1936) व्हेनिसच्या महोत्सवात गौरव मिळाला. जुन्या कंपनीचे एकेक अवयव असे वेगळे झाले. 14 मार्च 1931 रोजी मुंबईत ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि मूकपटांचे दिवस संपले. त्याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनीही बंद पडली.

बोलपटाने चित्राच्या तंत्रावर परिणाम केला. ध्वनीसाठी फिल्मचा वेग सेकंदाला 24 चित्रे असा पक्का झाला. हाताने हँडल फिरवण्याचे कसब कालबाह्य झाले, मोटर आली. मायक्रोफोनमुळे कॅमेऱ्याचा आवाज दाबावा लागला. घरी बनवलेल्या कॅमेऱ्याचा काळ तिथेच संपला.

बाबूरावांनी कोल्हापूर सोडले नाही. शालिनी सिनेटोनसाठी ‘उषा’ (1935), ‘प्रतिभा’ (1937) असे बोलपट त्यांनी केले. 1947 च्या ‘लोकशाहीर रामजोशी’च्या दिग्दर्शनात ते होते, त्याची निर्मिती त्यांचेच एकेकाळचे शिष्य व्ही. शांताराम यांच्या राजकमलची. गुरूने शिष्याच्या संस्थेत काम करण्याचा हा प्रसंग दोघांच्याही मोठेपणाचा मानला पाहिजे. बाकी वेळ चित्रे आणि शिल्पे यांत गेला. 16 जानेवारी 1954 रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

त्यांची चित्रे आज पाहता येतात का?

फारच थोडी. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती लवकर पेट घेते, आणि पेटली नाही तरी वर्षे गेली की चिकट होऊन शेवटी तिची भुकटी होते. तिच्यात चांदी असल्यामुळे अनेक जुनी रिळे चांदी काढण्यासाठी विकली गेली. भारतात 1,300 हून अधिक मूकपट निघाले. त्यांतले बोटावर मोजण्याइतकेच टिकले आहेत. ‘सैरंध्री’, ‘सिंहगड’ आणि 1925 चा ‘सावकारी पाश’ आज पाहता येत नाहीत. बाबूरावांच्या 1927 च्या ‘मुरलीवाला’ या मूकपटाचा काही भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपला आहे. हे संग्रहालय 1964 मध्ये सुरू झाले, म्हणजे बाबूरावांच्या निधनानंतर दहा वर्षांनी. जानेवारी 2003 मध्ये पुण्यातल्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून आणखी जुनी रिळे नष्ट झाली.

एक-एक छटा तोलून काढलेले चित्र आज आपल्याला वर्णनातून समजून घ्यावे लागते, हे या गोष्टीतले खरे नुकसान आहे. कोल्हापुरात खरी कॉर्नर येथे उभारलेला कॅमेरा स्तंभ बाबूरावांची आठवण देतो. दरवर्षी तिथे कॅमेऱ्याची पूजाही होते. पण कॅमेऱ्यातून निघालेली रिळे जपण्याचे काम स्तंभ करू शकत नाही.

घरात जुने रीळ सापडले तर काय करावे?

कोल्हापूर, सांगली, पुणे या भागांत सिनेमाशी संबंध आलेली अनेक घरे आहेत. माळ्यावर पत्र्याचा गोल डबा सापडला तर पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

• रीळ लगेच प्रोजेक्टरवर चढवू नये. आकसलेली फिल्म दात्यांवर फाटते आणि गेलेला भाग परत मिळत नाही.

• 1950 च्या आधीची 35 मिलिमीटरची फिल्म नायट्रेटची असू शकते. ती उन्हात, गॅसजवळ किंवा विजेच्या दिव्याखाली ठेवू नये. ती पेटल्यास पाण्यानेही सहज विझत नाही.

• डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती नंतरच्या काळातली अ‍ॅसिटेट फिल्म असून ती खराब होऊ लागली आहे. असा डबा इतर रिळांपासून वेगळा, थंड आणि कोरड्या जागी ठेवावा.

• फिल्म ओल्या फडक्याने किंवा घरगुती द्रावणाने पुसू नये.

• डब्यावरची चिठ्ठी, तारीख, जुनी पोस्टर आणि पुस्तिका फेकू नयेत. अनेकदा रिळाची ओळख त्यांवरूनच पटते.

• राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी संपर्क साधावा. जुन्या फिल्मची तपासणी, दुरुस्ती आणि डिजिटल प्रत करण्याची यंत्रणा तिथे आहे.